गाळलेला खोकला

दिनांक ६ फेब्रुवारी १९७२, रविवार. रक्कम रुपये तीन. हजर: नगरच्या बाजारातल्या रद्दीच्या दुकानाचा मालक आणि मी. घेतलेली वस्तू: इंग्रजीवरून मराठीत केलेल्या भयकथांचं जाड पुस्तक, नग एक. कव्हर नाही, सुरुवातीची काही पानं फाटलेली, त्यामुळे लेखकाचं किंवा पुस्तकाचं नाव समजून आलं नाही.

अशी सुरुवात करण्याची सवय मला नोकरीनं लावली. देवळाली प्रवरेकडच्या एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात मी कारकून होतो. कुणाचा ऊस जळाला की पंचनामा लिहायला मला पाठवत. जळका ऊस लवकर तोडावा लागतो आणि त्याचे पैसे कापून मिळतात, म्हणून तारीख, क्षेत्र आणि हजर माणसं यांत चूक चालत नाही. शेवटी 'आगीचे कारण' असा एक रकाना असे. त्यात बहुतेक वेळा मी 'समजून आले नाही' असं लिहीत असे. ते खरंच असायचं.

पुस्तक बायकोसाठी होतं. ती तेव्हा नगरच्या बाहेर, क्षयाच्या रुग्णालयात होती. दिवाळीच्या आधी दाखल केलं होतं. दीड वर्ष इंजेक्शनं आणि गोळ्या, त्यातले निदान पहिले काही महिने तिथेच राहून, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मध्येच सोडलं तर आजार पुन्हा डोकं काढतो आणि मग त्याच गोळ्या चालेनाशा होतात, हेही सांगितलं होतं. जानेवारीपासून ती दर रविवारी मला एकच वाक्य म्हणायची, "मला घरी न्या." रागानं नाही. एस.टी. किती वाजता आहे हे विचारावं तसं.

तिथे एक नियम होता. वॉर्डात गेलेली वस्तू परत बाहेर यायची नाही. भांडी, चादर, पुस्तक, काहीही. त्यामुळे वाचनालयाचं पुस्तक नेणं शक्य नव्हतं. शिवाय तिला हात वर धरून वाचायला मनाई होती. मी वॉर्डाच्या सिस्टरांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही खुर्ची लांब ठेवून वाचून दाखवा. पुस्तक तुमच्याच हातात राहील. आणि हे बघा, पेशंट घाबरेल असलं काही नको. कुणी मेलं, कुणी आजारी पडलं, असलं वाचू नका."

मी हो म्हटलं. पुस्तक भयकथांचं आहे हे सांगितलं नाही.

भयकथाच का, तर तिला त्या आवडायच्या. लग्न झाल्यापासून मी बघत होतो. मासिकं यायची, ती स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यामागे ठेवायची. मला ते पैसे वाया वाटायचे आणि तसं मी बोलूनही दाखवलं होतं. आम्हाला मूल नाही. दुपारी मी ऑफिसात असताना ती त्या रिकाम्या क्वार्टरमध्ये बसून स्वतःला घाबरवून घेते, यात काय मजा, हे मला कधी कळलं नव्हतं.

पहिल्या रविवारी मी व्हरांड्यात तिच्या खाटेपासून चार-पाच हात लांब खुर्ची ठेवली. शेजारच्या खाटेवर श्रीगोंद्याकडच्या एक शेतकरी बाई होत्या, वयानं पंचावन्नच्या आसपास. बायको त्यांना मावशी म्हणे, म्हणून त्या मला जावईबापू म्हणत.

मी घसा साफ करून सुरुवात केली. "या गोष्टीत एक गृहस्थ समुद्रकाठी घर भाड्यानं घेतो, बहिणीला सहा पत्रं लिहितो, आणि शेवटी असं निष्पन्न होतं की सहावं पत्र..."

"अहो, थांबा!" बायको जवळजवळ उठून बसली. "शेवट आधी कसला सांगताय?"

"गोषवारा वर लिहायचा असतो."

"पंचनाम्यात! गोष्टीत गोषवारा सांगितला तर मग ऐकायचं काय?"

मावशी पांघरुणातून म्हणाल्या, "जावईबापू, आमच्या गावचा तलाठी बी असाच हाय. मानूस मेल्याचं आधी सांगतो, मग आजारी कसा पडला ते."

त्या दोघी हसल्या. बायकोला हसताना खोकला आला, पण ती हसली. दिवाळीनंतर मी ते पहिल्यांदा ऐकलं.

मी गोषवारा सोडून पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. पहिल्या पत्रात भुताचं नावही नव्हतं. घराचं भाडं किती, जळाऊ लाकूड कुठून येतं, स्वयंपाकाच्या बाईला काय द्यायचं, एवढंच. मालकानं एकच अट घातली होती: रात्रीच्या जेवणाला एक ताट जास्त मांडायचं. दुसऱ्या पत्रात समुद्राचं वर्णन आणि पुन्हा लाकडाचा भाव. मी म्हटलं, "यात भिण्यासारखं काही दिसत नाही."

ती म्हणाली, "येईल. आधी भाड्याचा आकडा खरा वाटला पाहिजे. तो खरा वाटला की मग पुढचं सगळं खरं वाटतं."

हे मला पटलं. आकडा खरा असला की माणूस पुढचा मजकूर न बघता सही करतो, हे मी रोज बघत होतो.

तिसऱ्या पत्रात जास्तीच्या ताटातलं अन्न थोडं कमी झालेलं असतं. चौथ्यात तो गृहस्थ बहिणीला लिहितो की मांजर असेल. पाचव्यात मांजराचा उल्लेख नाही. मी वाचत राहिलो, "सहावं पत्र आलं तेव्हा पाकिटावरचं अक्षर..." आणि पाचची घंटा झाली. सिस्टर आल्या, खुर्ची उचलायला सांगितली.

"एवढी ओळ पुरी करू दे ना!" मावशी म्हणाल्या.

"पाच वाजले."

मी पुस्तक पिशवीत घातलं आणि निघालो. त्या दिवशी ती घरी न्या म्हणाली नाही, हे एस.टी. राहुरीच्या पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्यात माझी हुशारी काही नव्हती, घंटेनं ते केलं होतं. पण पुढच्या रविवारी मी फाटकातून आत शिरलो तेव्हा ती उशीला टेकून बसलेली होती आणि माझ्याकडे न बघता पिशवीकडे बघत होती. मग कुठे थांबायचं ते मी माझ्या हातात घेतलं. गोष्ट आठवड्यात आधी वाचून ठेवायची, कुठे थांबायचं ते ठरवायचं आणि तिथपर्यंत दोन तासांत पोचेल अशा बेतानं सुरुवात करायची. दरवाजा उघडल्यावर थांबायचं नाही, दरवाजावर हात ठेवल्यावर थांबायचं. कोण आलं ते कळल्यावर नाही, जिन्याची पायरी वाजल्यावर. कधी मजकूर कमी पडला तर मी घराचं वर्णन सावकाश वाचायचो. अशा गोष्टींत घराचं वर्णन पुष्कळ असतं, माणसापेक्षा जास्त. खिडक्या, पडदे, बंद खोल्या, विझत आलेली चूल. माणूस येतो तोपर्यंत ऐकणारा त्या घरात एकटाच राहून झालेला असतो.

"तुमी घड्याळ बघून वाचता," मावशी एकदा म्हणाल्या. "मला कळतंय. आमचा कीर्तनकार बी आरतीचं ताट आलं का नाही ते बघूनच देवाला भेटवायचा."

फेब्रुवारी असा गेला. तिनं गोळ्या रोज घेतल्या. सिस्टर म्हणाल्या की आता ती नर्सशी वाद घालत नाही.

माझा आठवडा मात्र लांब झाला. हंगाम चालू होता. कारखान्याच्या भोंग्यावर उठायचं, चहा करायचा, उसाच्या चिपाडाची काजळी अंगणातून झाडायची, जळिताला सायकलवर जायचं, परत येऊन एकट्यापुरतं पिठलं टाकायचं. एकट्यापुरतं पिठलं करता येत नाही, नेहमी उरतं. ज्या दिवशी सुट्टी मिळे त्या दुपारी मी दारात पायरीवर बसून पुढची गोष्ट वाचायचो. शेजारची क्वार्टर रिकामी होती. एका दुपारी, लख्ख उन्हात, तिथली कडी वाऱ्यानं वाजली आणि मी पुस्तक मिटून आत गेलो. आत गेल्यावर वाटलं, आतच तर कुणी नाही. पुन्हा बाहेर येऊन बसलो. डाळीच्या डब्यामागे मासिकं ठेवून ती इतकी वर्षं काय करत होती, ते मला त्या दुपारी थोडं समजलं. घर रिकामं आहे यापेक्षा घरात काहीतरी आहे हे बरं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी चौथी गोष्ट उघडली. ती एक नवरा स्वतः सांगतो. पहिल्याच ओळीत तो म्हणतो की मी पूर्ण शुद्धीवर आहे. पानभरानंतर पुन्हा तेच म्हणतो. न विचारता एखादा माणूस दोनदा असं सांगतो तेव्हा मला त्याच्या सातबाऱ्याबद्दलही शंका येते, आणि लिहिणाऱ्याला तेच हवं असावं. त्या माणसाची बायको थंडीच्या प्रदेशातल्या एका मोठ्या घरात वरच्या मजल्यावर आजारी आहे. ती रोज दिवेलागणीला खोकते. लेसचा रुमाल ओठांवर धरते. मग ती मरते, तिला पुरतात, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला वरच्या मजल्यावर खोकला ऐकू येतो.

मी पुस्तक मिटलं. ही गोष्ट गाळून पाचवी घ्यावी तर ती उरलेल्यांत सर्वांत लहान होती, रविवार भरला नसता. सहावीची मधली पानं नव्हती. मी विचार करून मार्ग काढला. आजारी बायकोच्या जागी म्हातारा काका घालायचा. खोकल्याच्या जागी काकांच्या काठीचा आवाज. मरण तेच ठेवायचं, पण म्हातारपणानं. माझ्या हाताखालून गेलेल्या कागदात मी कधी एका गुंठ्याचा फरक केला नव्हता. पण ही गोष्ट होती, आणि सिस्टरांनी बजावलंही होतं.

बारा मार्चला मी ती वाचली. डोळे पानावर, तोंडात दुसरंच, हे काम वाटलं तितकं सोपं नसतं. अर्ध्यावर चांगलं चाललं. मग एका ठिकाणी मी वाचून गेलो, "काकांनी लेसचा रुमाल ओठांवर धरला."

मावशी फिसकन हसल्या. "काका लई नटवे हायेत की!"

मी म्हटलं, "तिकडे पुरुषही वापरतात."

बायको हसली नाही. मी पुढे वाचलं. एका जागी दोन पानं एकदम उलटली. मी मान वर केली तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत होती. घंटा होण्याआधीच ती म्हणाली, "पुरे." नंतर म्हणाली, "पुढच्या रविवारी माझी दोन पातळं घेऊन या. मला इथून निघायचंय. तुम्ही नाही आणलीत तर मी आहे तशी निघेन."

रुग्णालयाला कुलूप नव्हतं. मर्जीनं निघून जाणाऱ्यांकडून एका कागदावर सही घेत, एवढंच. असे लोक जात होते. त्यांतले काही पुन्हा आले होते आणि त्यांना ओळखायला वेळ लागायचा, हे मी व्हरांड्यात डोळ्यांनी पाहिलं होतं.

तो आठवडा मी कसा काढला ते लिहिण्यासारखं नाही. त्या आठवड्यात कुठेही ऊस जळला नाही. मी ऑफिसात बसून जुने तक्ते पुन्हा तपासले.

एकोणीस तारखेला मी पिशवीत दोन पातळं घेतली आणि पुस्तकही घेतलं. ती खाटेच्या कडेला पाय सोडून बसली होती. वेणी घातलेली. मावशींनी तोंड भिंतीकडे केलं होतं, पण झोपल्या नव्हत्या.

"आणलीत?"

"आणली. पण एवढं काय झालं ते सांग."

"डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले, मागच्या महिन्यात? छातीचा फोटो काढल्यावर?"

"सांगितलं होतं की. बरं चाललंय."

"काकांसारखं?"

मी पिशवी खाली ठेवली.

"ती बाई होती ना? आजारी. आणि खोकायची."

"हो."

"तुम्ही कधी आकडा बदलत नाही. उधारीवर आलेल्या लिंबाचासुद्धा लिहून ठेवता. अशा माणसाला गोष्टीतली बाई बदलावी लागली, म्हणजे मला काय झालं असेल? मी आठ दिवस तेच बघतेय. तुम्ही जे वाचलं नाहीत ते सगळं मी इथे पडून रचलंय. तुम्ही रचलं असतंत त्यापेक्षा वाईट रचलंय. मरायचंच असेल तर मी माझ्या घरी मरेन."

इतके आठवडे मी दरवाजावर हात ठेवून थांबत होतो आणि पलीकडे काय आहे ते तिला रचू देत होतो. गोष्टीत ते चालतं, कारण रविवारी दरवाजा उघडतो. डॉक्टरांचं बोलणं मी तसंच अर्ध्यावर तोडलं होतं आणि तो दरवाजा उघडायला मी कधी गेलोच नव्हतो.

मी पुस्तक काढलं. ती म्हणाली, "आता कशाला?"

"आहे तशी वाचतो."

मी वाचली. बायको, रुमाल, खोकला, सगळं. गाळलं काही नाही. दोन खाटा पलीकडे एक मुलगी खरोखरच खोकत होती, तेव्हा थांबलो आणि ती थांबल्यावर पुन्हा वाचलं. शेवटी तो नवरा जिना चढून वर जातो. दार ढकलतो. खोली रिकामी आहे, खिडकी उघडी आहे, आणि खोकला आता खालच्या मजल्यावरून येतोय, जिथून नवरा वर आला तिथून. तिथे गोष्ट संपते. तो खोकणारा नवराच की ती, हे लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही. माझ्या रकान्यातल्यासारखं, कारण समजून आले नाही.

मी पुस्तक मिटलं. मग मावशी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "एवढंच व्हय? आन त्यासाठी काका आनला? आमी हितं समद्या रोज खोकतो. त्या घरात एकच बाई हुती म्हनून त्याला भ्या वाटलं."

बायकोच्या ओठांची कडा हलली. मग ती मला म्हणाली, "आता डॉक्टरांचं वाचा. असंच. गोषवारा नको."

मी सांगितलं. उजव्या बाजूला पोकळी आहे. ती दिवाळीत होती त्यापेक्षा थोडी लहान झाली आहे, पण डॉक्टरांना वाटली होती तितकी नाही. डावी बाजू स्वच्छ आहे. थुंकीत अजून जंतू सापडतात. एप्रिलमध्ये घरी सोडू म्हणाले होते ते आता जमणार नाही, पावसाळा इथेच काढावा लागेल. कदाचित दिवाळीही. मी विचारलं होतं, बरी होईल का. ते म्हणाले, गोळ्या चुकवल्या नाहीत तर होईल असं वाटतं. शब्द हेच होते, 'असं वाटतं'. त्याहून पक्कं ते बोलले नाहीत.

"पावसाळा," ती म्हणाली.

"हो."

"आणि हे तुम्ही मला महिनाभर सांगितलं नाहीत. फक्त पावसाळा म्हणून?"

"तू एप्रिलचे दिवस मोजत होतीस."

ती बराच वेळ अंगणातल्या कडुलिंबाकडे बघत बसली. मार्चचं ऊन होतं, पानगळ चालली होती. एकदा तिनं पिशवीकडे हात नेला, तेव्हा मला वाटलं पातळं काढतेय. तिनं वरचं पातळ काढलं, घडी मोडून पाहिली आणि म्हणाली, "हे कशाला आणलंत, हे चांगलं आहे. इथे आलं की परत जायचं नाही. न्या हे." दुसरं, जुनं, तिनं उशाखाली ठेवलं. मग पाय वर घेतले आणि आडवी झाली.

मी खुर्ची थोडी जवळ सरकवली. सिस्टरांनी बघितलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

"पाचवी गोष्ट कशाची आहे?" तिनं विचारलं.

"घड्याळजीची."

"शेवट माहीत आहे तुम्हाला?"

"आहे."

"सांगू नका."

घंटा झाली. मी उठलो तेव्हा ती डोळे मिटूनच म्हणाली, "जाताना फाटकापाशी गवळी असेल. मी त्याला परवा माझं रोजचं दूध बंद करायला सांगितलंय. चालू ठेवायला सांगा."

गवळी फाटकाबाहेर सायकलला किटल्या अडकवत होता. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाई जानार हायेत म्हनल्या हुत्या." मी म्हटलं, "नाही, राहणार आहेत." त्यानं पुढच्या महिन्याचे पैसे आगाऊ मागितले. रोजचं अर्धा लिटर, लिटरला दीड रुपया, एप्रिलचे दिवस तीस. एकूण बावीस रुपये पन्नास पैसे, गवळ्याला रोख दिले.